पुढची दोन चाकं

१

दसऱ्याच्या सकाळी येळ्ळूरच्या आण्णाप्पांचा जुना ट्रक पुढून दगडांवर टेकलेला सापडला. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, त्याच ट्रकला झेंडूच्या माळा घालून, नारळ फोडून पूजा झाली होती. सहाही टायर नवे, डिस्कही नव्या, बसवून आठवडासुद्धा झाला नव्हता. त्यांतली पुढची दोन चाकं कुणीतरी पहाटे काढून नेली होती.

मला हे कळलं शेवंतामावशींच्या फोनवरून. लग्नाआधी मावशी आणि माझी आई निपाणीच्या वखारीत एका ओळीत बसून तंबाखू निवडायच्या. मावशी लग्न होऊन येळ्ळूरला गेल्या, आणि आईने मला शिकवून बेळगावला पाठवलं. मी विमा कंपन्यांसाठी अपघात झालेल्या गाड्या तपासते. दिवसभर लोकांचं खोटं ऐकून घ्यायचं आणि संध्याकाळी गाडी काय म्हणते ते लिहायचं, असा माझा धंदा आहे.

"समता, माझ्या भीमरत्नावर आळ आलाय गं," मावशी म्हणाल्या. "आण्णाप्पा म्हणतोय, उद्या सांजच्यापतोर चाकं आणून टाक, न्हायतर ठाण्यात जातो."

भीमरत्न त्यांचा एकुलता एक मुलगा. आण्णाप्पांचा ट्रक गेली कित्येक वर्षं तोच चालवत होता. नुकतीच त्याची राज्य परिवहनात चालक म्हणून निवड झाली होती आणि कागदपत्रांची तपासणी चालू होती. अशा वेळी ठाण्यात चोरीची तक्रार नोंदली गेली, तर पुढे काय होणार हे मावशींना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"म्हंजे नोकरी गेलीच की गं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी येळ्ळूरची वाट धरली. अंतर ते किती, पण तेवढ्यातही मी स्वतःशीच धुसफुसत होते. गावात काही हरवलं की पहिलं बोट कुणाच्या घराकडे वळतं, हे मला कुणी शिकवावं लागलेलं नाही.

२

आण्णाप्पा अंगणात खुर्चीवर बसले होते. भारदस्त माणूस, पांढऱ्या मिशा, डोक्याला टोपी. मी समोर जाऊन हात जोडले. ते माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत राहिले आणि हात काही जोडले नाहीत. माझं डोकं तिथेच तापलं. शेवंतामावशींनी पाठवलंय म्हटल्यावर नमस्कार घ्यायलाही जड जातंय का, असं अगदी ओठांवर आलं होतं.

"बसा म्याडम," ते शेवटी म्हणाले. "बघायचं ते बघा. मला काय कुणाचं वाकडं करायचं न्हाय. चाकं आली की मिटलं."

घरात आण्णाप्पा आणि त्यांची मुलगी दिपाली, दोघंच. दिपालीची आई वारली, तेव्हापासून घर आणि शेत दोन्ही तीच सांभाळते. शेजारच्या घरात धाकटा भाऊ महादेव. त्याचा स्वतःचा नवा कोरा दहाचाकी ट्रक बाहेर रस्त्यावर उभा होता, आणि महादेव त्याला टेकून उभा होता.

झालं ते असं. दसऱ्याच्या पहाटे गल्लीतले सगळे बाप्ये देवीच्या दौडीला गेले होते; नवरात्रात रोज पहाटे झेंडा घेऊन गावातून धावतात, त्यातली ही शेवटची. आण्णाप्पाही कोपऱ्यावर जाऊन उभे होते. परत आले तर ट्रक दगडांवर. चाकं काढायला वापरली ती ट्रकचीच हत्यारं, पूजेत मांडलेली. जॅक, पाना, पान्याला लावायचा लांब पाईप, सगळं होतं तिथेच होतं, पण पाना तिरका पडला होता आणि त्याच्यावरचं फूल खाली गेलं होतं.

"हितंच समदं आलं," महादेव पुढे होऊन म्हणाला. "खंडेनवमीला पूजेत ठेवलेलं हत्यार सीमोल्लंघन झाल्याबिगर आमच्यात कोण शिवत न्हाय. आमच्या गल्लीत कुणालाबी इचारा. आता ह्यो भीमरत्न पाळत न्हाय. त्येचं आमाला काय न्हाय, ज्येचं त्येचं. पर जो पाळत न्हाय, त्योच उचलणार की न्हाय?"

भीमरत्न फाटकाच्या बाहेर उभा होता. आत ये, असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं.

"तू त्या पहाटे इथे आलतास?" मी विचारलं.

"आलतो आक्का. निपाणीला धम्मचक्र दिनाच्या कार्यक्रमाला जायचं होतं, म्हणून गाडीची किल्ली द्यायला आलतो. दिपालीच्या हातात दिली आनि गेलो. तवा चाकं होती."

मी दिपालीकडे पाहिलं. ती दारात उभी राहून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"किल्ली देऊन गेला त्यो," ती म्हणाली. "त्येनं न्हाय नेली."

"मग कुणी नेली?"

या प्रश्नाला तिने उत्तर दिलं नाही. तिच्याऐवजी महादेवच हसला. "तिचं मन मऊ हाय. लहानपणापास्नं बघतीया त्येला, म्हणून बोलतीया."

मला त्याचं हसणं आवडलं नाही, आणि तिचं गप्प राहणं त्याहूनही नाही.

३

मी ट्रकच्या पुढे वाकले. चोराने दगड लावले होते ते नीट रचून, आणि वर पोत्याची घडी घालून. ट्रक खाली टेकताना त्याला इजा होऊ नये, याची ही काळजी. इतका मायाळू चोर मी आजवर पाहिला नव्हता.

उजव्या अंगाचं चाक अलगद निघालं होतं, सगळे बोल्ट शाबूत. डाव्या अंगाला मात्र दोन बोल्ट मधोमध पिळवटून तुटले होते.

मी उठून उभी राहिले. "तुमच्या ट्रकमधला पाना आणा," मी महादेवला म्हटलं. "आणि भीमरत्न, तू आत ये."

भीमरत्नने आण्णाप्पांकडे पाहिलं. त्यांनी काहीच खूण केली नाही, तशी मीच फाटक उघडलं.

"हा मागचा डावा नट सैल करून दाखव."

त्याने पाना लावला आणि क्षणभरही विचार न करता उजवीकडे दाबला. नट करकरला आणि सुटला. मी तो परत आवळायला लावला आणि पाना महादेवच्या हातात दिला.

"आता तुम्ही."

"ह्यात काय हाय?" म्हणत त्याने पाना लावला आणि डावीकडे जोर केला. नट हलेना. त्याने पाईप मागितला. मी त्याचा हात धरला.

"पाईप लावलात तर बोल्ट तुटेल. त्या पहाटे पुढचे दोन तुटले तसाच."

नट डावीकडे फिरवला की सुटतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण काही जुन्या ट्रकांना डाव्या अंगाच्या चाकांचे आटे मुद्दाम उलटे असत, चालताना नट आपोआप सैल होऊ नयेत म्हणून. ज्याने हा ट्रक वर्षानुवर्षं हाताळला आहे, त्याचा हात झोपेतसुद्धा तिथे चुकणार नाही. चाकं काढणाऱ्याने आधी चुकीच्या बाजूला पाईपने जोर लावला, दोन बोल्ट मोडले, आणि मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

"म्हणजे भीमरत्न नाही," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "आणि आण्णाप्पा, तुम्हीही नाही. ज्याला हा ट्रक माहीत नाही, अशा कुणीतरी हे केलंय."

सगळ्यांच्या नजरा महादेवच्या हातातल्या पान्यावर गेल्या.

४

महादेव लाल झाला. "मी ह्या डबड्याला कधी हात लावलाय काय? मी माझी गाडी चालवतो."

"तेच तर म्हणतेय मी."

खरं सांगायचं तर तोच निघावा, असं मला मनापासून वाटत होतं. त्याच्याकडे कारणही होतं. चाकं निवडताना दोघा भावांत चांगलीच जुंपली होती, हे भीमरत्नने मला सांगितलं. महादेवचं म्हणणं, ट्यूबलेस घ्या, नव्या मापाच्या डिस्का घाला, नाहीतर गाडीच सरळ मोडीत घाला. थोरल्याने त्याचं ऐकलं नाही, आणि चारचौघांत त्याला गप्प बस म्हणाला.

पण महादेवने आपला मोबाईल माझ्यापुढे धरला. दौडीचं चित्रण होतं, गल्लीतल्याच कुणीतरी केलेलं. भगवा फेटा, पांढरा पोशाख, हातात झेंडा, सगळ्यात पुढे महादेव. दौड सुरू होते तिथपासून संपते तिथपर्यंत तो त्यात होता.

"आता बोला," तो म्हणाला. मी मोबाईल त्याला परत दिला, आणि ते मला बरंच लागलं.

उरला दुकानदार. चाकं बेळगावातल्या नागेंद्रच्या दुकानातून घेतली होती. पण त्यानेच स्वतःच्या हाताने ती बसवली होती, म्हणजे त्याला उलटे आटे माहीत. तरीही मी झाडाखाली जाऊन त्याला फोन लावला, कारण मला एक गोष्ट खटकत होती. टायर फार भारी होते.

"आमी काय चोर न्हाय म्याडम," नागेंद्र आधीच कातावलेला होता.

"तसं म्हणत नाही. हे टायर निवडले कुणी?"

"आण्णाप्पांनी. त्यो भीमरत्न बरोबर होता. त्येचं म्हणणं, पुढं साधे नायलॉनचे घाला, मागं रिमोल, जुन्यावर नवं रबर चढवलेले, चालतंय, गाडी आता जाणार कुठं तर गिरणी ते मार्केट. डिस्कबी जुन्याच साफ करून वापरा म्हणाला. शहाणा पोरगा हाय. पर आण्णाप्पा ऐकतात काय? सहाच्या सहा स्टीलचे रेडियल घेतले, डिस्क नव्या. घाटात तापले न्हाय पायजेत म्हणाले. तांदूळ भरून गोव्याला जायाचं, चोर्ल्याच्या घाटातनं. पयल्यांदा जात हुते तसं."

"भीमरत्न तर नोकरीवर निघाला. मग चालवणार कोण?"

"ते मी कशाला इचारू? पर चाकं बसवल्यावर स्वतः सीटवर चढून बसले आनि लई वेळ स्टेअरिंग फिरवत ऱ्हायले. मी म्हटलं, आण्णाप्पा, उतरा आता, गिऱ्हाईक खोळंबलंय."

मी फोन ठेवला. जुन्या ट्रकला चाकं घेताना माणूस ट्रकचं वय बघत नाही, आपल्याला कुठे जायचंय ते बघतो. आण्णाप्पांनी नवा चालक शोधला नव्हता. शोधायचाच नव्हता.

मी अंगणाकडे वळून पाहिलं. आण्णाप्पा खुर्चीतून उठून ट्रककडे निघाले होते. एक हात पुढे करून चालत होते. हात पत्र्याला लागला तसे थांबले, आणि तळव्याने मागच्या टायरच्या नक्षीवरून चाचपत राहिले. मघाशी त्यांनी माझा नमस्कार घेतला नव्हता. आता मला कळलं, माझे जोडलेले हात त्यांना दिसलेच नव्हते.

५

पूजेची हत्यारं ओसरीवर तशीच होती. पोलिस येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही, असं आण्णाप्पांनी बजावलं होतं. मी नुसतीच वाकून पाहिली, आणि इतका वेळ न पाहिल्याबद्दल स्वतःला चार शब्द सुनावले.

जॅकवर तीन बोटांनी ओढलेले अष्टगंधाचे पट्टे होते. पाईपवर तसेच. ही आण्णाप्पांची पद्धत. पान्यावरही ते पट्टे होते, पण काळ्या ग्रीसखाली फासटलेले. बोल्टना नवं ग्रीस लावलेलं होतं, ते काढताना पान्याला लागलं. आणि त्या ग्रीसवर, अगदी मधोमध, हळदीचं एक बोट आणि त्यावर कुंकवाचं एक बोट.

पाना वापरून झाल्यावर कुणीतरी त्याची पुन्हा पूजा केली होती.

पैशासाठी आलेला चोर थांबून हळदकुंकू वाहत नाही. जो खंडेनवमी पाळतच नाही, त्यालाही ते सुचणार नाही. हे सुचतं फक्त अशा माणसाला, ज्याला पूजेतलं हत्यार उचलल्याची टोचणी लागली होती. म्हणजे ज्या रिवाजाच्या जोरावर घरच्यांवरचा संशय दूर करून तो भीमरत्नावर ढकलला गेला, तोच रिवाज पाळणारं माणूस यात होतं. आधी हळद, मग कुंकू, अशी बोटं या घरात लावणारं एकच माणूस होतं, आणि दौडीच्या वेळी घरात होतं तेही तेच.

चाकंसुद्धा पुढचीच का गेली, ते आता उघड होतं. विकायला नेणारा मागची बाहेरची चाकंही काढून नेता. मागचं एखादं गेलं तरी जुना ट्रक रडतखडत चालतो. पुढची दोन्ही गेली की जागचा हलत नाही.

दिपाली मागच्या बाजूला ट्रॅक्टरपाशी होती. मला येताना पाहून तिने हातातली बादली खाली ठेवली.

"ट्रॉलीचं चाक तू स्वतः बदलतेस?" मी विचारलं.

"व्हय. कोण येणार हाय दुसरं?"

"ट्रॉलीला आटे उलटे नसतात."

 ती गवताच्या गंजीकडे मान वळवून म्हणाली, "त्यात हायती. खाली."

मी तिला बोलू दिलं.

"आप्पांना काचबिंदू हाय आक्का. डाक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत न्हाय. गल्लीत कुणाला ठावं न्हाय, काकांनाबी न्हाय. मला शपथ घातलीया. लई हातापाया पडले मी, गाडी विका म्हणून. तर हे नवी चाकं घेऊन आले. दसऱ्याच्या मुहूर्तावर संध्याकाळी स्वतः गाडी भायेर काढणार हुते, आनि दुसऱ्या दिवशी घाट. मला दुसरं काय सुचलं न्हाय."

"पान्याला पुन्हा हळदकुंकू वाहिलंस ते?"

"पूजेतलं उचललंतं न्हवं. पाया पडले, माफी मागितली."

इथवर मला तिची दया येत होती. मग मी विचारलं, "आणि भीमरत्नचं नाव आलं तेव्हा?"

तिने खाली पाहिलं. "मी म्हटलंतं की, त्येनं न्हाय नेली म्हणून. मला वाटलं, आप्पा एकदोन दिसांत थंड हुतील."

"पान्याची माफी मागितलीस दिपाली," मी म्हटलं. "माणसाची राहिली. ते थंड होईपर्यंत त्याची नोकरी गेली असती."

माझा आवाज चढला होता आणि मी तो उतरवला नाही. ती रडली नाही. हात पदराला पुसले आणि पुढच्या अंगणाकडे चालू लागली. मी चार पावलं मागूनच गेले, कारण हे सांगायचं काम माझं नव्हतं.

६

तिने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. डोळ्यांचं सांगायला लागली तेव्हा आण्णाप्पांनी हात वर केला, पण ती थांबली नाही. महादेव भावाच्या तोंडाकडे बघत राहिला. इतकी वर्षं शेजारी राहून त्याला हे कळलं नव्हतं, आणि त्याचं हसणं आता कुठल्या कुठे गेलं होतं.

आण्णाप्पांनी टोपी काढून हातात घेतली. मुलीवर ओरडतील असं मला वाटलं होतं, पण ते ओरडले नाहीत.

"भीमरत्न हाय काय रं हितं?" ते शेवटी म्हणाले.

"हाय आण्णा."

"चूक झाली लेका. मी काय ठाण्यात जात न्हाय आता. मिटलं समदं. चल, आत ये, जेवून जा. शेवंतालाबी बोलीव."

भीमरत्न जागेवरून हलला नाही. मावशींचा मुलगा कधी कुणाला उलटून बोलत नाही, असं माझी आई म्हणायची. तो बोलला तोही शांतपणेच.

"आण्णा, जेवायचं ऱ्हाऊ द्या. काल तुमी मला चोर म्हणालासा ते आत बसून न्हाय म्हणालासा. रस्त्यावर उभं ऱ्हाऊन म्हणालासा, समदी गल्ली भायेर आलती. माझी आई तिथं उभी हुती. कागद तपासायला माणूस येईल त्यो गल्लीतच इचारणार. तुमी जेवू घातलं, हे त्येला कोण सांगणार?"

महादेव काहीतरी म्हणायला पुढे झाला. आण्णाप्पांनी त्याला हातानेच थांबवलं. मग खुर्चीचा दांडा धरून उठले, टोपी घातली आणि फाटकाच्या दिशेने निघाले. फाटकाची कडी त्यांना दोनदा चाचपावी लागली. दिपाली धावली, त्यांनी तिला मागे सारलं.

रस्त्यावर आल्यावर त्यांनी आवाज दिला. बायका दारांत आल्या, पारावरची माणसं उठून उभी राहिली. भर दुपारच्या उन्हात आण्णाप्पा दोन्ही हात जोडून म्हणाले, "चाकं माझ्याच घरात हुती. भीमरत्नानं कशाला हात लावला न्हाय. मी खोटं बोललो."

 पण गल्लीच्या पुढच्या टोकापर्यंत काही आवाज पोचला नव्हता, आणि ते त्यांना कळलं असावं. ते भिंतीला हात लावत पुढच्या घराकडे सरकले, आणि पायरीला ठेचकाळले. वर्षानुवर्षं ज्या गल्लीतून ट्रक काढला, त्या गल्लीत त्यांना पायरी दिसली नाही, हे सगळ्यांनी पाहिलं. कुणीतरी बाई हळूच म्हणाली, "अगं बया, ह्यांस्नी दिसत न्हाय."

भीमरत्न पुढे गेला. त्याने त्यांचा हात धरला नाही, फक्त शेजारी जाऊन उभा राहिला.

"कुणाचं दार हाय रं ह्ये?" आण्णाप्पांनी विचारलं.

"भावकूमामांचं. मामा भायेरच हायती."

आण्णाप्पांनी पुन्हा हात जोडले आणि तेच शब्द पुन्हा म्हटले. मग पुढचं दार, मग त्याच्या पुढचं. प्रत्येक ठिकाणी आधी भीमरत्न नाव सांगायचा, मग ते बोलायचे. महादेव फाटकाशीच थांबला होता. शेवंतामावशी गल्लीच्या तोंडाशी येऊन उभ्या होत्या, त्या पुढे आल्या नाहीत आणि मागेही फिरल्या नाहीत.

एका घरापुढे आण्णाप्पा हात जोडून बोलायला लागले, आणि भीमरत्नने त्यांना मध्येच थांबवलं.

"आण्णा, हितं कुलूप हाय. परशरामाचं घर पुढचं, या."

मग त्याने स्वतःचा हात पुढे केला, आणि आण्णाप्पांनी तो धरला.